फोर्थ टेबल, सेव्हन्टी टू

चॉकलेट सोडावं की संशय, एवढाच काय तो प्रश्न होता.

ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस आवडीचं काहीतरी सोडायचं, हा लुसिलच्या चर्चमधला सगळ्यांचाच नेम. नवरा नॉर्बर्ट बिअर सोडायचा, शेजारीण आर्डिस केक. यंदा लुसिलने मेणबत्ती लावली आणि हात जोडून सांगितलं, "प्रभू, चाळीस दिवस मी कुणावर संशय घेणार नाही. नवऱ्यावरसुद्धा." (चॉकलेट परवडलं असतं.)

पाचव्याच दिवशी नॉर्बर्टने गॅरेजचं दार आतून लावून घेतलं. धुतलेल्या कपड्यांची टोपली घेऊन जाताना तिला आतून बाईचा आवाज ऐकू आला.

"फोर्थ."

"वा! आता पुढचं," हा नॉर्बर्ट.

"सेव्हन्टी… टू."

"काय गोड! पुन्हा एकदा."

लुसिलने तिथेच उभं राहून तीन प्रार्थना म्हटल्या. तिन्हीत तिला बाईच दिसली.

रात्रीच्या जेवणाला तिने नुसती विचारपूस केली. (विचारपूस म्हणजे काही संशय नव्हे.)

"गॅरेजमध्ये थंडी वाजत असेल, नाही? एकट्याला?"

"छे, मजेत असतो."

"एकटा?"

"लुसिल, सूपमध्ये मीठ कमी पडलंय."

सकाळी तिने आर्डिसला फोन लावला. "फोर्थ म्हणजे चार तारीख. सेव्हन्टी टू म्हणजे हायवेवरच्या मोटेलची खोली."

"अगं, त्या मोटेलला खोल्याच अठरा आहेत!"

"बघ म्हणजे, किती लपवाछपवी!"

चार तारखेला शुक्रवार होता. उपासाच्या शुक्रवारी मांस वर्ज्य, मासे मात्र चालतात, म्हणून चर्चच्या तळघरात सगळ्या गावाला तळलेले मासे. बावीस वर्षं ताटांचे नंबर माइकवर पुकारायचं काम लुसिलचं होतं. यंदा घशात गाठी आल्या, आणि डॉक्टरांनी मोठ्याने बोलायलाच बंदी घातली. ते काम सुटल्याचं दुःख तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

नॉर्बर्ट नवा शर्ट घालून निघाला. "तूही चल. यायलाच हवं."

'माझ्यादेखत!' तिच्या मनात आलं. तरीही ती गेली. नवस तर नवस, पण नवराही एकच होता.

तळघर माणसांनी भरलं होतं. कोपऱ्यात नॉर्बर्टने एका डब्यावरची बटणं दाबली आणि कर्णा गरजला, "फोर्थ टेबल, सेव्हन्टी टू!"

तोच आवाज! लुसिल उठली. घशातून निघाला तेवढा सगळा आवाज काढून ती ओरडली, "कोण आहे ही? सर्दी झालेल्या बदकासारखा आवाज, आणि तोरा केवढा! बाहेर काढ तिला, नॉर्बर्ट!"

मग आर्डिस म्हणाली, "अगं बाई, तो तुझाच आवाज आहे!"

नॉर्बर्ट कानापर्यंत लाल झाला. "तुझ्या जुन्या टेपांमधून कापलाय गं. एकपासून एकोणीसपर्यंतचे शब्द, मग ट्वेन्टी, थर्टी अशा दशकांचे आठ. झाले सत्तावीस तुकडे. दोन-दोन जोडले की नाइन्टी नाइनपर्यंत सगळे नंबर बोलतात. आणि फर्स्ट, सेकंड, थर्ड हे तुझ्या क्रूसाच्या वाटेच्या चौदा थांब्यांच्या प्रार्थनेतले. त्यात फोर्टीन्थपर्यंतच मिळाले, म्हणून टेबलं चौदाच मांडली. वाटलं, घसा बसला तरी तुझं काम तुझ्याकडेच राहावं."

लुसिल रडली, हसली, सगळ्यांदेखत त्याच्या नव्या शर्टाला बिलगली. मान खाली घालून तिने देवाची माफी मागितली. त्याने ती दिली असणार, कारण मनावरचं ओझं तिथल्या तिथे उतरलं. डोळे पुसत ती म्हणाली, "पुढच्या वर्षी माझा घसा बरा झाला, की ठेवून दे हो हा डबा."

"नको, नको!" चौदाही टेबलांवरून एकदम ओरड झाली.

"राहू दे ना," माशावर लिंबू पिळत आर्डिस म्हणाली. "ही लुसिल बरी आहे. नंबर सांगते आणि गप्प बसते."

नॉर्बर्टच्या तोंडात घास होता. त्याने नुसती मान हलवली. होकारार्थी.