सुभेदारांच्या ताटी मिठाची नाकेबंदी

श्रीसिद्धनाथाचे चरणी मस्तक ठेवून लिहिले जे, शके अठराशे सत्त्याण्णव, राक्षसनाम संवत्सरी, भाद्रपद मासी, म्हसवड मुक्कामी, राजश्री सयाजीराव सुभेदार, पलटणीतून पेन्शनीत आलेले, यांच्या मस्तकावर शूळाने चाल केली. फडके आवळले, बाम चोळला, चष्मा बदलला, परंतु गनीम तसूभर हटेना. मग सौभाग्यवती बनुबाईसाहेबांनी खाशांस दवाखान्यात रुजू केले. डाक्तरांनी दंडास पट्टा आवळून, पारा न्याहाळून जाहीर केले की, हा रक्तदाब. मीठ अंगात पाणी धरून ठेविते, त्याने रक्तवाहिन्यांवर जोर येतो. सबब मीठ तोडावे, केळी खावी, त्यांतील पोटॅशियम नामे क्षार मिठास हुसकावितो. आणि दाब न उतरल्यास मार्गशीर्षी नाथाच्या रथाच्या दोरास हात लावू नये. सुभेदारांचे तोंड एवढेसे जाहले. बाईसाहेबांस रथाची फिकीर नव्हती. थोरले दीर ऐशाच दुखण्याने अंग लुळे पडून गेले, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते, आणि त्यांस बहुत भय वाटत होते.

मग बाईसाहेबांचा हुकूम सुटला की, मीठ, लोणचे, पापड, सांडगे यांस कुलूप घालावे, आणि फलटणच्या बाजारातून केळ्यांची रसद आणावी. पहिल्याच आमटीस सुभेदारांनी आकांत मांडिला, "अगं, जेलातबी आमटीला मीठ असतंय!" फिर्याद दाखल करून घेतली नाही.

आश्विन सरला. केळ्यांचे घड संपत होते, ताटे आळणी होती, आणि पारा जैसे थे, डोके ठणकतेच. बाईसाहेबांस फितुरीचा वास आला. मग एके दुपारी दबा धरून त्या गोठ्यात शिरल्या, तो सुभेदार सुकटीच्या चटणीवर तुटून पडलेले, आणि कुडापलीकडे शेजारीण तानुबाई उभी. तहकीक करता निघाले ते ऐसे की, दया येऊन सारी आळी चोरून वाट्या पोचवीत होती. आणि शेजारची वाटी रिकामी परतवू नये हा रिवाज, म्हणून सुभेदार प्रत्येक वाटीत आपली केळी घालून परतवीत होते. मीठ आत येत होते, औषध बाहेर जात होते.

तानुबाई म्हणाली, "आक्का, आळणी खाऊन मानूस लय सुकलं वं, बघवंना."

बाईसाहेब गव्हाणीवरच बसल्या. "आन् वाटी परतवाय मानूसच ऱ्हायलं न्हाई, मग गं?"

सुभेदारांनी चटणी खाली ठेविली.

मग तह जाहला. वाट्या बंद करू नयेत, परंतु कालवणात मीठ पडण्याआधी सुभेदारांची वाटी काढावी. वाटी परतविताना केळे घालू नये, शेंगा घालाव्या. आणि सुभेदारांनी केळे खाऊन साल बाईसाहेबांपुढे हजर करावी. आळीने हा तह इमानाने पाळिला. डोके हळूहळू हलके जाहले, आणि यात्रेच्या तोंडावर पारा ऐसा उतरला की, डाक्तरांनी तो पुन्हा मोजून पाहिला.

मार्गशीर्ष प्रतिपदेस सुभेदारांनी दोरास हात लाविला. डाक्तरांची परवानगी हात लावण्यापुरती होती, परंतु सुभेदारांनी दोर ओढला. घरी तानुबाईने फत्तेच्या आनंदात वांग्याचे कालवण रीतसर मीठ घालून पुढे केले. बाईसाहेब उंबऱ्यात श्वास रोखून उभ्या. सुभेदारांनी घास घेतला आणि तोंड वाकडे केले.

"तानुबाई, ह्ये काय वं? निसता खारट आगर!"

बाईसाहेबांनी हसू लपवावयास पदर तोंडास लाविला, तो डोळ्यांस लावावा लागला. खाशांची जीभ स्वखुशीने शरण आली, फत्ते जाहली, आणि कालवणाची वाटी, सोबत शेंगा देऊन, तानुबाईकडे बाइज्जत परत रवाना जाहली.