चालतं म्हणून सांगू नकोस

भाड्याची खोली दाखवायला माझ्यापुढे जिना चढणारे सेतुराव मामा मध्येच थांबले आणि मागे न बघताच म्हणाले, "तुझा डावा पाय उशिरा येतोय."

मी पायाकडे पाहिलं. पाय ठीक होता. मामांची तक्रार तालाबद्दल होती. पंखा समेवर येत नाही, कुकर शिट्टीची घाई करतो, तांबरमची लोकल रुळांवर बरी वाजते पण थांबताना बिघडते. उजवा हात सदा मांडीवर ठेका धरून. एग्मोरच्या रेल्वे कचेरीत असताना हे टायपिस्टांनासुद्धा सुधारायचे, असं मामी सांगतात.

मामा तंजावरकडचे मराठी. त्यांच्या मराठीला तमिळ हेल. मी आदराने 'काका' म्हटलं, तर म्हणाले, "काका म्हणजे इथं कावळा. मामा म्हण."

मी इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात नोकरी करतो आणि उरलेल्या वेळात ग्राहकांच्या हक्कांची पत्रकं लिहितो. स्पष्टच सांगतो, खोटं लेबल दिसलं की माझं डोकं फिरतं. तेव्हा दिसेल त्या लॅपटॉपवर 'एचडी'चा चकचकीत स्टिकर चिकटवायची टूम निघाली होती. मामा लॅपटॉप घ्यायला निघाले तेव्हा मी आपण होऊन सोबत गेलो. पत्रकाला दारूगोळा हवाच होता.

मामांच्या पिशवीत एक डिस्क होती. मुलगी पद्मा लग्नानंतर कॅनडाला गेली. जाण्याआधी तिचा शेवटचा नाच झाला, तो जावयाच्या मित्राने नव्या एचडी कॅमेऱ्याने टिपला होता. त्याच नाचाची साधी सीडीही होती घरात. पण मामा म्हणायचे, "त्यात चेहऱ्याच्या जागी इडली दिसते." एचडीत म्हणे पापणीसुद्धा दिसायची. अडचण एवढीच, की घरच्या कॉम्प्युटरवर गाणं संपायचं आणि पद्मा अजून नमस्कारच करत असायची.

माउंट रोडमागच्या गल्लीतल्या दुकानात विक्रेता म्हणाला, "बिझनेस मॉडेल आहे सार, सगळं चालेल."

"चालतं म्हणून सांगू नकोस," मामा म्हणाले. "नाचतं का ते सांग."

डिस्क आत गेली. मामांचा हात मांडीवर सुरू झाला. पद्माने उडी घेतली आणि ती हवेतच राहिली. मृदंग पुढे निघून गेला. मग ती एकदम रंगमंचाच्या दुसऱ्या टोकाला उगवली.

"बघ," मामा म्हणाले. "पोरगी आहे माझी. त्रिशंकू न्हवे."

माझा पारा चढला. "एचडी लिहायचं आणि एचडी दाखवायचं नाही, ही सरळसरळ फसवणूक आहे."

"स्क्रीन एचडी आहे सार," विक्रेता शांतपणे म्हणाला. "फाइल छोटी करून देऊ? मग पळेल."

"मोठी करताना माझे केस गेले," मामा म्हणाले. "तू छोटी करतोस?"

पुढच्या सगळ्या दुकानांत तेच. त्या संध्याकाळी मी पत्रक लिहिलं, 'बिझनेस लॅपटॉप : एचडीच्या नावाने बनवाबनवी'. मामांनी ते मांडीवर ठेका धरत वाचलं आणि म्हणाले, "फार जलद आहे. वाचणारा श्वास कुठं घेणार?"

मी चिडलो. पण पत्रकाला पुरावा लागतो. रविवारी सकाळी कंपनीने मला दिलेला लॅपटॉपच खाली नेला. काळा, जड, हिशेबाचे तक्ते उघडण्यासाठी जन्माला आलेला. कंपनीने तो बॅटरी वाचवायच्या मोडवर बसवलेला, आणि व्हायरस शोधणारा प्रोग्रॅम नको तेव्हा घरझडती घ्यायचा. मी प्लग लावला, मोड बदलला, झडती थांबवली, आणि मित्राने दिलेला नवा प्लेयर टाकला. मामींनी कॉफी आणली. मी पेन्सिल घेऊन बसलो.

"मामा, अडखळलं की बोट वर करा. मी टिपून घेतो."

"सरि, सरि," मामांनी होकाराची मान हलवली.

आणि तो ठोकळा नाचायला लागला. गिरक्या, उड्या, सगळं तेल घातल्यासारखं. माझं पत्रक डोळ्यांदेखत खोटं पडत होतं, आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. शेवटच्या तिल्लान्यात, म्हणजे कार्यक्रम संपवणाऱ्या जलद नाचात, मात्र चित्र अडखळलं. अगदी स्पष्ट, मलाही कळावं इतकं. मी मामांच्या बोटाकडे पाहिलं.

हात मांडीवर उताणा पडला होता. ठेकाच नव्हता.

"मामा, इथं अडखळलं की."

"असेल," मामा म्हणाले. नजर पडद्यावरच.

मामींनी मला खुणेने गप्प केलं. "त्या दिवशी झांजा हेच वाजवत होते," त्या हळूच म्हणाल्या. "पहिल्यापासून हेच. झांजा धरणाऱ्याने पायच बघायचे. पोरगी एवढी नाचली, यांनी पायच बघितले. नाच संपला तशी धावत आली, अप्पा, कशी दिसले? हे काय सांगितले माहीत? डावा पाय उशिरा आला."

"खोटं कसं सांगू?" मामा पडद्याकडे बघत म्हणाले. "बघितलोच नव्हतो."

"अजून चिडवते. दर रविवारी फोनवर विचारते, अप्पांना सांग, कशी दिसले होते? हे फोनच घेत नाहीत."

पडद्यावर पद्माने मान कलती करून भुवई उचलली. मामांची भुवईसुद्धा उचलली गेली. त्यांना ते कळलं नसावं.

थोड्या वेळाने फोन वाजला. मामी उठल्या, पण मामा आधी पोचले.

"पद्मा, मी बोलतोय. बघितलो." फोन कानाशी धरून ते पुन्हा पडद्याकडे वळले. "तुझ्या आजीसारखी हसतेस. मला कोणी सांगितलं नाही."

पलीकडून हसण्याचा आवाज आला, मग काहीतरी प्रश्न.

"पाय?" मामा म्हणाले. "पाय बघायचे राहूनच गेले की."