डांबर सोडायचं नाही

अर्बाबाने गाडीची किल्ली रमणच्या हातावर ठेवली, पण आपली बोटं काही बाजूला घेतली नाहीत.

"रमण, रोड पे चलाना. रेती में नहीं. समझा?"

रमणने मान डोलावली. तेवढ्याने अर्बाबाचं समाधान झालं नाही, तेव्हा त्याने "वल्ला, सर" म्हणून चक्क शपथ घेतली आणि मगच किल्ली सुटली.

रमण पडवेकर ओमानमध्ये, गाल्यातल्या स्पेअर पार्टच्या कंपनीत गेली नऊ वर्षं स्टोअरकीपर होता आणि अर्बाब म्हणजे त्या कंपनीचा मालक. रमणचा करार संपत आला होता. नव्या करारावर अर्बाबाची सही रविवारी व्हायची होती आणि त्या एका सहीवर दार्सैतचं घर, बायकोचा, किशोरीचा फॅमिली व्हिसा, पोरीची शाळा असं सगळं लटकलेलं होतं. अशा वेळी शहाण्या माणसाने मालकाची पांढरीशुभ्र फोर बाय फोर मागू नये. पण चिपळूणहून सासरे आले होते. वीस दिवसांत त्यांनी दार्सैतचं कृष्णमंदिर आणि तीन सुपरमार्केट एवढाच ओमान पाहिला होता. त्यांना जबल अख्दरचा डोंगर दाखवायचा होता, पण त्याच्या घाटात पोलीस साधी गाडी चढू देत नाहीत, म्हणून रमणने जीव मुठीत धरून गाडी मागितली आणि सासरा म्हणजे आपलाही पाहुणा, असं म्हणत अर्बाबाने ती दिली.

सासरे भिकाजी राव एसटीच्या चिपळूण डेपोत एकतीस वर्षं मेकॅनिक होते. गाडी डेपोबाहेर पडायच्या आधी टायरवर लोखंडी रॉड ठोकून आवाजावरून हवा ओळखायची, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण उभ्या गाडीजवळून नुसतं जाणं त्यांना अजून जमत नव्हतं. शुक्रवारी पहाटे दार्सैतहून निघताना त्यांनी चारही टायरांना लाथ मारून पाहिली.

जबल अख्दरचा घाट उतरताना भिकाजी प्रत्येक वळणावर ब्रेकचा वास घेत होते आणि जावयाला गिअर सांगत होते. खाली बिर्कत अल मौजला खजुरीच्या बागेत, फलजच्या, म्हणजे पाटाच्या, वाहत्या पाण्याशेजारी बसून सगळ्यांनी किशोरीने आणलेले घावने खाल्ले. तिथून घरी वळायचं, असा रमणचा बेत होता. पण पाण्यात पाय सोडून बसलेल्या किशोरीने वाळवंटाचा विषय काढला. अप्पा परत कधी येणार, असं ती म्हणाली आणि आवाजात जरासं पाणी आणलं. रमणने फक्त डांबरावरून लांबूनच दाखवायचं कबूल केलं आणि गाडी वाळवंटाकाठच्या बिदिया गावाच्या दिशेला काढली.

बिदियाला दुपार झाली. डांबर संपत होतं तिथे एक पंक्चरवाला बसला होता आणि त्याच्यापुढे वाळूच्या लालसर टेकड्या सुरू होत होत्या. भिकाजींनी काच खाली केली आणि बराच वेळ बघत राहिले.

"एवढ्या लांब आलो," ते हळूच म्हणाले, "आणि वाळूला पाय न लावता जायचं म्हणजे..."

त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. सासऱ्याचं अर्धवट वाक्य कुठल्याही जावयाला झेपत नाही. बाकीच्या गाड्या सर्रास आत जात होत्या. पहिल्या टेकडीपर्यंत जायचं आणि मागे फिरायचं, अर्बाब कुठे बघायला बसलाय, असं रमणने स्वतःला समजावलं. वाळूत जायचं तर टायर नरम लागतात, एवढं त्याला नऊ वर्षांत ऐकून ठाऊक होतं. भिकाजी वाळू जवळून बघायला पुढे गेले तेवढ्यात रमणने पंक्चरवाल्याकडून चारही टायर अठरा पौंडावर आणून घेतले आणि पाण्याच्या बाटल्या आणायला पलीकडच्या दुकानात गेला.

परत येऊन त्याने गाडी वाळूत घातली. शंभर-दीडशे फूट ती छान गेली. मग इंजिन ओरडायला लागलं, मागची चाकं जागच्या जागी फिरली आणि गाडी पोटापर्यंत खाली बसली.

भिकाजी सगळ्यांच्या आधी उतरले. खाली वाकून त्यांनी टायरवर बुक्की मारली आणि कान लावला.

"हवा एकदम टाईट आहे. टायरचा काय दोष नाय."

"टाईट?" रमण खाली वाकला. "अप्पा, टाईट कशी असेल?"

"तुम्ही पाणी आणायला गेलात ना, तेव्हा बघितलं तर चारी टायर बसलेले. तो पंक्चरवाला हवा चोरून मोकळा झालेला. मी उभा राहून चाळीस पौंड मारून घेतली. तुम्हाला कशाला बोलायचं, म्हटलं, आधीच दमलात."

सासऱ्यांच्या तोंडावर जावयाचं एक काम हलकं केल्याचं समाधान होतं. किशोरीने डोळ्यांनीच गप्प राहायची खूण केली. रमणने किल्लीच्या टोकाने चारही टायरांची हवा काढली आणि घावन्यांच्या डब्याच्या झाकणाने वाळू उपसायला लागला. पण पोट टेकलेली गाडी हालायचं नाव घेईना. उपसावी तेवढी वाळू परत आत येत होती.

तेवढ्यात फोन वाजला. अर्बाब.

"किधर, रमण?"

"बिर्कत अल मौज, सर. खजूर के नीचे बैठा है. रोड के एकदम बाजू में."

"ताय्यब, ताय्यब, अच्छा है," म्हणत अर्बाबाने फोन ठेवला. नऊ वर्षांत मालकाशी रमण पहिल्यांदाच खोटं बोलला होता आणि ते इतकं सफाईदार निघालं याचीच त्याला जास्त भीती वाटली.

अर्ध्या तासाने वाळवंटात राहणारा एक म्हातारा बदू पिकअप घेऊन आला. सलाम झाला, तब्येत विचारून झाली, भिकाजींचीही विचारून झाली. मग त्याने नंबरप्लेट बघितली आणि त्याचा चेहरा खुलला. या नंबराची गाडी कुणाची हे त्याला माहीत होतं. अर्बाबाचं मूळ गावच बिदिया आणि म्हातारा त्याचा चुलता लागत होता. रमण नको नको म्हणेपर्यंत त्याने फोन लावलासुद्धा. अर्बाब तिथेच, दहा मिनिटांवर, भावाकडे जेवायला आला होता.

ती दहा मिनिटं रमणने वाळूत बसून काढली. रविवारची सही गेली, आता दार्सैतचं घर रिकामं करायचं, पोरीचा शाळेचा दाखला काढायचा, असं सगळं त्याच्या डोळ्यांपुढे येत होतं. अर्बाब आला, गाडीभोवती फिरला आणि मग त्याने वाळूतली टायरांची अरुंद, खोल खूण पाहिली.

"किसने इतना हवा भरा था?"

"मैंने, सर," रमण म्हणाला.

"झूठ बोलता है," भिकाजी पुढे आले. "मैंने भरा. मेरे जावई का कुछ गलती नहीं."

अर्बाबाने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग त्याने पायघोळ डिशदाशाच्या बाह्या सारल्या, सगळ्यांना बाजूला व्हायला सांगितलं आणि वाळूत गाडी कशी काढतात ते दाखवायला स्वतः स्टीअरिंगवर बसला. म्हाताऱ्याने पिकअपला दोर बांधून ओढ दिली. गाडी दोनदा डुलली, तिसऱ्यांदा एकदम सुटली आणि ब्रेक लागायच्या आत पिकअपच्या मागच्या हुकावर जाऊन आदळली. पुढचा बंपर मधोमध आत गेला.

अर्बाब उतरला, बंपरपुढे उकिडवा बसला आणि डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. मग त्याने रमणला बाजूला नेलं.

"ये गाडी मेरा नहीं है," तो अगदी खालच्या आवाजात म्हणाला. "मॅडम का है, मेरा बीवी का. वो सलाला गया है, बहन के पास. उसको मालूम नहीं मैंने तुमको दिया."

भिकाजी तिकडे बंपरवर हात फिरवत होते. गाल्यात एखादं गॅरेज आणि रबरी हातोडी मिळाली तर उद्या दुपारपर्यंत बंपर होता तसा करून देतो, असं त्यांनी मोडक्या हिंदीत सांगितलं. अर्बाबाने त्यांचे दोन्ही हात हातात घेतले.

तेवढ्यात अर्बाबाच्या खिशातला फोन वाजला. पडद्यावर मॅडमचं नाव होतं. त्याने फोनकडे पाहिलं, मग रमणकडे.

"वो बिर्कत अल मौज, खजूर के नीचे," तो म्हणाला, "मैंने पूरा मान लिया था. तुम बहोत अच्छा बोलता है."

आणि वाजता फोन त्याने रमणच्या हातात दिला.