नो तोके

हमीदभाईंना स्पॅनिशमध्ये साधा नमस्कार करता येत नव्हता, तेव्हाही ते त्या भाषेत चौदा गोष्टींना मनाई करू शकत होते.

औरंगाबादेत शहागंजच्या मागे आमच्या घराला लागून त्यांचं घर. ते अजिंठ्याच्या लेण्यांत इंग्रजी गाइड होते. इंग्रजीवाले फार झाले, म्हणून पन्नाशीत त्यांनी स्पॅनिशचा परवाना काढायचं ठरवलं. परीक्षा तोंडी होती. कॅसेटी आल्या. "सलाम-दुवा बाद में, पेपरवाले," ते मला म्हणाले; मी तेव्हा वर्तमानपत्रात होतो. "पहले तस्वीरां बचना."

नियम त्यांनी ओट्यावर बसून मला समजावला. क्रियापदाच्या शेवटी 'आर' असेल तर मनाई करताना तिथं 'ए' येतो. 'एर' किंवा 'इर' असेल तर 'आ'. आधी 'नो'. फूमार म्हणजे सिगारेट ओढणं, म्हणून नो फूमे. कोरेर म्हणजे पळणं, नो कोरा. सूबीर म्हणजे चढणं, नो सूबा. आमची मांजर त्यांच्या पत्र्यावर चढू लागली, की 'नो सूबा' ऐकून परत फिरायची.

सरावाला पर्यटक हवा होता. त्यांच्या पत्नी, रशीदाभाभी, पर्यटक व्हायच्या. रोज संध्याकाळी स्वयंपाक टाकून अंगणात यायच्या, पळायच्या, पायरीवर चढायच्या आणि शेवटी निळ्या भिंतीवर एकाच जागी तळहात टेकायच्या. हाताला कधी हळद, कधी तेल.

"नो तोके," हमीदभाई म्हणायचे. हात लावू नका. भाभी पुन्हा लावायच्या.

"स्पॅनिश में टूरिस्ट कू 'आप' बोलना पडता, भाईसाब," त्यांनी एकदा मला सांगितलं. "शादी के बाद पहली बार मेरे कू आप बोल रहे. वो बी मना करने कू."

परीक्षेआधीच्या हिवाळ्यात भाभी तापाने गेल्या. हमीदभाई परीक्षेला बसले आणि पास झाले. पेढे त्यांनी स्वतः घरोघर नेऊन दिले. कुठेही बसले नाहीत.

रमजानच्या आधी त्यांच्याकडे रंगारी आला. अंगणातल्या भिंतीवर, खांद्याच्या उंचीला, पिवळा तेलकट डाग होता. तो खरवडायला त्याने पत्र्याची पट्टी उचलली.

"नो तोके," हमीदभाई खुर्चीतून म्हणाले.

"क्या बोले, चाचा?"

"हात नको लगाव. बाकी पूरी रंगाव."

त्या वर्षी भिंत नवी निळी झाली, तळहाताएवढी जागा सोडून.