रेडीजांच्या करवंदांची पाळी

तळेकोंडच्या करवंदांना साखर चालत नाही. जेली धरायची तर घरातल्या एका माणसाच्या जिभेवरची गोडी द्यावी लागते. परसातल्या जाळीची करवंदं काढायची, चीक धुवायचा, थोडी अर्धकच्ची मिसळून शिजवायची आणि फडक्यातून रस गाळायचा. मग ज्याची पाळी असेल त्याने लाकडी पळी शंभर मोजेपर्यंत जिभेवर धरायची आणि तशीच पातेल्यात फिरवायची. घट्ट होते ती जेली, उरतं ते सरबत. त्या माणसाला पुढच्या अक्षय्य तृतीयेपर्यंत गूळ, आंबा, पुरणपोळी, सगळं कडू लागतं. गोडी कुठूनतरी यायलाच हवी, त्यात नवल ते काय.

पाळी घरात फिरावी असा ग्रामपंचायतीचा नियम आहे आणि त्यासाठी वहीही आहे. रेडीजांकडे मात्र ती अकरा वर्षं एकाच जिभेवर ठाण मांडून बसली होती, सून कुमुदच्या. पहिल्या वर्षी सासूबाईंची दाढ दुखत होती. पुढच्या वर्षी नवऱ्याच्या, दिगंबरशेठच्या, पोटात जळजळ होत होती. त्यानंतर कुणी कारण सांगायच्याही भानगडीत पडलं नाही. पंचायतीचे कारकून पाष्टे वही घेऊन आले की शेठ बायकोचं नाव घालून मोकळे. दरवर्षी तृतीयेच्या पहाटेच, चहाच्याही आधी, पुढची पळी तिच्या जिभेवर यायची. जेली खाऊन पाहुणे म्हणायचे, रेडीजांच्या हाताला गोडी आहे हो. हाताला! कुमुदच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. लेकीच्या बारशाचे पेढे तिने कडूजहर तोंडाने, हसत हसत खाल्ले होते.

वहीच्या मागच्या पानावर एक सूचना छापलेली होती. सलग दहा वर्षांपेक्षा जास्त दिलेली गोडी परत येईलच असं नाही, पंचायत जबाबदार राहणार नाही. ती वाचल्यापासून कुमुदची झोप उडाली. यंदा ती स्वतः पंचायतीत जाऊन बसली आणि पाळी नवऱ्याच्या नावावर लावून घेतली. पाष्ट्यांनी तिला दोनदा विचारलं, मग लिहिलं.

अक्षय्य तृतीयेला तिची मुदत संपली. सकाळी शेठनी नेहमीसारखा चहा करून तिच्या हातात दिला. बायकोला रोज कप हातात आणून देणारा नवरा अख्ख्या गावात एकच. त्या एका कपावर कुमुदने अकरा वर्षांचं सगळं माफ केलं होतं. तिने देवाचं नाव घेऊन घोट घेतला. कडू. दुसरा घेतला, तोही कडूच. कपावर बशी झाकून ती तशीच पंचायतीत गेली आणि गोडी परत आली नसल्याची तक्रार तिने तोंडी नोंदवली.

पाष्ट्यांनी रीतसर तपासणी केली. टेबलाच्या खणातली चिमूटभर साखर त्यांनी तिच्या जिभेवर ठेवायला दिली. ती गोड लागली. इतकी गोड की कुमुदला रडूच कोसळलं. पाष्ट्यांनी मग बशीत थोडा चहा ओतून स्वतः पिऊन पाहिला.

"जीभ ठाकठीक आहे, वहिनी," ते म्हणाले. "चहात साखर नाही."

वहीत त्यांनी लिहिलं : गोडी परत मिळाली, चहाची बाब घरगुती.

घरी शेठ पेपर वाचत होते. कुमुदने कप पुढ्यात ठेवला आणि कधीपासून, एवढंच विचारलं. शेठनी मनापासून आठवून पाहिलं.

"दुसऱ्या वर्षापासून असेल. तुला कळत नव्हतं ना, मग उगीच वाया कशाला घालवायची?"

त्यांना लाज वाटली नाही; लाजण्यासारखं काही आहे हेच त्यांना दिसत नव्हतं. उद्यापासून दोन चमचे घालतो, असं मात्र ते लगेच म्हणाले.

कळत नव्हतं तेच बरं होतं, असं कुमुदला वाटलं. परसात रस गाळून तयार होता. तिने पळी उचलली, जिभेवर धरली आणि शंभरपर्यंत मोजलं. पाष्ट्यांना निरोप गेला, त्यांनी शेठचं नाव खोडून पुन्हा तिचं लिहिलं. जेली झकास धरली.

दुसऱ्या दिवशी शेठनी तिच्या देखत कपात दोन चमचे साखर घातली. कुमुदने चहा पूर्ण घेतला. कडूच लागला, पण करवंदांमुळे लागला, एवढं तिला नक्की ठाऊक होतं.