तीस-तीस की दोनशे सत्तर

व्हर्नाताईचं पत्र गेल्या डिसेंबरात आलं, तेव्हापासून ते ऑर्विलच्या पुस्तकात खूण म्हणून राहत होतं. पुस्तकं बदलत गेली, उत्तर काही गेलं नाही. ताईने लिहिलं होतं, "तू जन्मभर वाचनालयात नोकरी केलीस. आता एकदाचं सांगून टाक, हरणाला तीस-तीसचं काडतूस चांगलं की दोनशे सत्तरचं. माझे दोन्ही मुलगे यावरून एकमेकांचं डोकं खातात. पुढच्या हंगामातही तेच झालं तर जंगलातली केबिन विकून मोकळी होईन."

ऑर्विलचा सगळा जीव त्या केबिनीत. वर्षातून एकदा भाच्यांबरोबर तिथे जायचं, शेगडीपाशी वाचत बसायचं, बीन्स शिजवायचे; याखेरीज त्याला गणगोत नव्हतं. पण एका काडतुसाचं नाव घ्यावं तर दुसरा भाचा दुरावणार. म्हणून त्याने या विषयावर मिळेल ते वाचून काढलं आणि विद्वानांच्या रीतीप्रमाणे मत द्यायचं टाळलं.

नोव्हेंबरात विस्कॉन्सिनच्या त्या जंगलात बर्फ पडलं आणि तिघे केबिनीत पोचले. थोरल्या ड्युएनकडे आजोबांची तीस-तीसची बंदूक, धाकट्या मिल्टनकडे दुर्बीण लावलेली दोनशे सत्तर. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर काडतुसांची परेड भरली. मिल्टनने गोळीचा वेग सांगितला, वाऱ्याचा हिशेब सांगितला, चारशे यार्डांवर गोळी किती खाली येते तेही सांगितलं. त्या जंगलात चाळीस यार्डांपलीकडे झाडांशिवाय काही दिसत नाही, हे बोलून दाखवणं ऑर्विलला असभ्यपणाचं वाटलं.

"तुझी ही काडतुसं आजोबांबरोबरच पुरायला हवी होती," मिल्टन म्हणाला.

"आजोबांनी त्यांच्यावर घर पोसलं. तू गेल्या साली काय पाडलंस? बर्चची फांदी."

"मामा, तुम्हीच सांगा आता."

मामांनी बीन्स ढवळले. "मीठ कुणी बघता का जरा?"

मग अबोला. दोघांनी आपापली काडतुसं आपापल्या कोटाच्या खिशात कोंबली आणि कोट खुंटीला लटकावले. कोट नारिंगी, शिकाऱ्यांना कायद्याने सक्तीचे. त्यावरून तरी भांडण नको म्हणून आईने दोघांना अगदी एकसारखे घेऊन दिले होते. पहाटे दिवा लावण्याचा कमीपणा कोणी घेईना. अंधारात ज्याच्या हाताला जो लागला तो कोट चढवून दोघे ओढ्याच्या दोन काठांवरच्या आपापल्या मचाणांवर गेले.

उजाडल्यावर ऑर्विल कॉफी घेऊन खिडकीत उभा राहिला. खाली ओढ्यावर हरणाचा नर आला होता. डोक्यावर एवढी शिंगं की खुंटीऐवजी वापरावीत. ऑर्विल बंदुकीच्या बाराची वाट पाहू लागला. बार होईना. बऱ्याच वेळाने दोन्ही मचाणांवरून दोन नारिंगी कोट खाली उतरले आणि आपल्या बंदुकीत न बसणारी काडतुसं मुठीत पुढे धरून ओढ्याकडे निघाले. हरणाने मान वर करून एकदा याच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे.

"ड्युएन, माझा कोट दे."

"आधी माझा दे."

हरणाने दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि ते सावकाश निघून गेलं.

ज्याचा नेम चुकतो त्याच्या शर्टाचा मागचा घोळ कापून भिंतीवर टांगायचा, असा केबिनीचा रिवाज. "नेम चुकायला गोळी तर सुटली पाहिजे," मिल्टन म्हणाला. ड्युएनने जोरात मान हलवली. इतक्या वर्षांत दोघांचं एकमत झालं ते या मुद्द्यावर.

"बरोबर ना, मामा? तुम्हीच सांगा."

"सांगतो," मामा म्हणाले. त्यांनी कात्री काढली. "आधी पाठ करा."

दोघांनी बावळटासारखी पाठ केली. कात्री चालली. एकमेकांचा शर्ट पाहून आधी ड्युएन फिसकन हसला, मग मिल्टन.

कापलेले तुकडे ऑर्विलने भिंतीवर टांगले नाहीत. दुपारी तो गावात गेला आणि पोस्टाच्या पेटीपाशी उभ्या उभ्या त्याने लिहिलं, "ताई, पुष्कळ वाचून आणि प्रयोग डोळ्यांनी पाहून कळवतो. दोन्ही काडतुसं सारखीच. हरणाला कुठल्याचाच त्रास होत नाही. पुरावा सोबत जोडला आहे. केबिन विकू नकोस, नाहीतर हे दोघे तुझ्या स्वयंपाकघरात येऊन बसतील."

तुकडे पाकिटात घातले, आणि मत बदलायच्या आत पाकीट पेटीत टाकलं.