बाळाच्या वाटचे श्वास

प्रसूतिगृहाच्या खोलीत बायको झोपली होती, बाळ झोपलं होतं आणि सर स्टुलावर बसून दोघांवर देखरेख करत होते. 'सर' ही पदवी त्यांना मोटार शिकवून मिळाली होती. त्यांच्या गाडीत शिकणाऱ्याच्या पायाशी असतो तसा एक ब्रेक सरांच्याही पायाशी होता, आणि शिकणारा घाबरायच्या आत सरांचा पाय त्यावर पडायचा. पायाला ही खोड इतकी लागली होती, की घरी सोफ्यावर बसूनही ते टीव्हीतल्या गाड्या थांबवू पाहत.

बाळ कालच या जगात आलं होतं. म्हणजे सरांच्या दृष्टीनं शिकाऊच. त्याचं इवलंसं पोट भराभर वरखाली होत होतं. सर कौतुकानं बघत होते आणि बघता बघता ते पोट थांबलं.

सरांचा पाय फरशीवर आपटला. तिथे ब्रेक नव्हता. असता तरी उपयोग नव्हता, गाडी आधीच थांबली होती.

“अगं ए, ऊठ! बाळ श्वास घेत नाहीये!”

बायकोनं एक डोळा उघडला. तोवर बाळानं लागोपाठ चार-पाच श्वास घेऊन थकबाकी भरून काढली होती.

“घेतंय की.”

“आत्ता घेतंय. मघाशी बंद पडलं होतं.”

“मग चालू कोणी केलं?”

“आपोआप झालं.”

“मग झोपू द्या ना आम्हाला,” म्हणून तिनं तो डोळाही मिटला.

आपोआप चालू होणाऱ्या गोष्टींवर सरांचा विश्वास नव्हता. पोट पुन्हा थांबलं, तेव्हा त्यांनी पाळण्यावर वाकून, ऐकू जाईल असा एक ठसठशीत श्वास घेऊन दाखवला. बाळानं लगेच घेतला. सरांना गुरुकिल्ली सापडली. मग नवख्याच्या अडखळण्याची वाट कशाला बघायची, असा विचार करून ते बाळाच्याच गतीनं श्वास घेऊ लागले. नवजात बाळ मोठ्या माणसाच्या तिप्पट वेगानं श्वास घेतं, हे सरांना ठाऊक नव्हतं. त्यांच्या शरीराला मात्र ते लवकरच कळलं.

सासूबाई थर्मास घेऊन आल्या तेव्हा जावई पाळण्यावर ओणवे होऊन धापा टाकत होते.

“अगंबाई, जिन्यानं आलात का जावईबापू?”

सरांनी हातानंच गप्प राहायची खूण केली. बोलण्यात एक श्वास वाया गेला असता.

“अहो, काय होतंय? बोला तरी!”

“घेतोय... त्याच्या... वाटचे...”

“काय घेताय?”

तेवढ्यात सरांचे ओठ बधिर झाले आणि बोटांना मुंग्या आल्या. घाबरून त्यांनी बाळाची दुलई सारली. बाळाचे तळहात निळसर! स्वतःची बोटं पाहिली तर तीही वाकडी होऊ लागलेली. बापलेकांना एकच रोग जडलाय याबद्दल शंका उरली नाही. “त्याचेही... हात... गेले!” असं म्हणत सर स्टुलासकट आडवे झाले.

सासूबाईंच्या किंकाळीनं सिस्टर धावत आल्या. “पेशंट कोण?”

सासूबाईंनी बाळाकडे बोट दाखवलं, बायकोनं नवऱ्याकडे आणि नवऱ्यानं जमिनीवरून पाळण्याकडे. बहुमतानं बाळाच्या डॉक्टरांना बोलावण्यात आलं. त्यांनी बाळाला नीट तपासलं आणि मग त्या सरांशेजारी उकिडव्या बसल्या.

“सावकाश घ्या. सावकाश सोडा. आणि बाळाकडे बघू नका.”

“आधी... त्याला बघा हो.”

“बघितलं. ठणठणीत आहे. या वयात श्वास असाच असतो. भराभर घेतात, जरा थांबतात, पुन्हा घेतात. फार वेळ थांबलं किंवा ओठ निळे पडले तर लगेच हाक मारा. पण ओठ कसे छान गुलाबी आहेत. हातापायांकडे रक्त अजून रमतगमत पोचतंय, तेही सुधारेल.”

“पण शिकाऊ आहे हो ते.”

“शिकाऊ? अहो, पोटात त्याच्या फुप्फुसांत पाणी होतं. प्राणवायू नाळेतून मिळत होता. काल बाहेर आल्या आल्या त्यानं रडून पाण्याच्या जागी हवा घेतली, हृदयातल्या रक्तानं जुनी वाट सोडून नवी धरली, अंगातली ऊबही आता ते स्वतःच तयार करतंय. तेव्हा तुम्ही कुठे होतात?”

“बाहेर. बाकावर.”

“बघा. जमलं ना?”

सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. बोटं हळूहळू सरळ होऊ लागली. डॉक्टर बायकोकडे वळल्या. “तुम्ही मात्र कमाल शांत राहिलात हं.”

“मला सवय आहे,” बायको म्हणाली. “यांचं रोज असंच असतं. घोरता घोरता मध्येच सगळं बंद. मग घुर्र करून दचकतात आणि पुन्हा चालू. लग्न झालं तेव्हा मी हलवून उठवायचे. आता कूस बदलते.”

“किती वेळ बंद?”

“बाळाच्या दुप्पट तरी.”

डॉक्टरांचं हसू मावळलं. “हे बाळाला शोभतं, यांना नाही. झोपेत श्वास अडकणं हा आजार आहे. उपाय आहेत त्यावर, पण तपासणी टाळू नका.”

सर ताडकन उठून बसले. “म्हणजे बाळाला काही नाही, आणि जे काही आहे ते मला आहे?”

“हो.”

“नक्की ना? अदलाबदल नाही?”

“अजिबात नाही.”

सरांनी फरशीवरच मांडी ठोकली आणि फोन काढून थोरल्या भावाला लावला. काल मुलगा झाल्याचं कळवतानाही त्यांचा आवाज इतका मोकळा नव्हता.

“दादा, आनंदाची बातमी आहे,” ते म्हणाले. “मला आजार निघालाय!”